नाव, नमुना आणि ओळख : क्लॅमिडिया जिवाणूंचे रेण्वीय निदान आणि फोर्ट विल्यमचा एक संदर्भ

मराठीच्या अभ्यासकाला फोर्ट विल्यम हे नाव प्रामुख्याने मुद्रणाच्या आणि गद्याच्या इतिहासातून परिचित आहे. लॉर्ड वेलस्ली ह्यांनी १८०० मध्ये कलकत्त्यात स्थापन केलेले महाविद्यालय, तेथील मराठीचे अध्यापक विल्यम केरी, त्यांचे १८०५ मधील मराठी व्याकरण आणि १८१० मधील कोश, पंडित वैजनाथ शर्मा ह्यांचे साहाय्य आणि श्रीरामपूरचा छापखाना हा तपशील वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक ग्रंथात येतो. मात्र ज्या गव्हर्नर जनरलने हे महाविद्यालय काढले, त्याच्याच राजवटीत १८०१ मध्ये हिंदुस्थानातून एक फौज ईजिप्तला रवाना झाली, ह्या घटनेची दखल वाङ्मयाच्या अभ्यासात सहसा घेतली जात नाही. नेपोलियनने ईजिप्तमध्ये मागे ठेवलेल्या फ्रेंच सैन्याविरुद्ध ही मोहीम होती. सर डेव्हिड बेअर्ड ह्यांच्या आधिपत्याखाली गोऱ्या पलटणी, मुंबईचे देशी पायदळ आणि बंगालमधील स्वयंसेवक शिपाई तांबड्या समुद्रातील कोसैर बंदरात उतरले आणि वाळवंट तुडवून नाईलकाठी पोचले. ह्या फौजेचे प्रमुख शल्यचिकित्सक जेम्स मॅकग्रिगर ह्यांनी १८०४ मध्ये लंडनहून मोहिमेचा वैद्यकीय वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात प्लेगबरोबर नेत्रदाहाचाही विचार आहे.

हा नेत्रदाह पुढे युरोपात 'ईजिप्शियन नेत्रदाह' म्हणून कुप्रसिद्ध झाला. फ्रेंच आणि इंग्रज अशा दोन्ही सैन्यांतील असंख्य शिपायांची दृष्टी त्यामुळे अधू झाली किंवा कायमची गेली. आजच्या अनेक ग्रंथांत हा रोग म्हणजे 'ट्रॅकोमा', अर्थात मराठीतील 'खुपऱ्या', असे सरळ समीकरण मांडलेले आढळते. ट्रॅकोमा 'क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस' ह्या जिवाणूमुळे होतो. तेव्हा १८०१ च्या शिपायांच्या डोळ्यांत हाच जिवाणू होता, असा निष्कर्ष ओघाने निघतो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य मानावा? एखाद्या नमुन्यात क्लॅमिडिया आहे, आणि तो अमुक जातीचाच आहे, हे आज कोणत्या रीतीने ठरते, हे समजल्याखेरीज ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या रीतींचे स्पष्टीकरण करावयाचे आहे. ह्या रीती मूलतः वाचनाच्या, पाठ जुळवण्याच्या आणि वंशसंबंध ठरवण्याच्या असल्यामुळे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्या अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

१. लक्षणांवरून पडलेली नावे

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. 'ट्रॅकोमा' हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ खडबडीतपणा असा आहे. पापणीच्या आतल्या पृष्ठभागाचे जे रूप वैद्याला दिसे, त्यावरून तो पडला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीच्या रोगांमध्ये 'पोथकी' नावाचा विकार सांगितला आहे. मोहरीच्या दाण्यांसारख्या पुटकुळ्या, स्राव, खाज आणि वेदना ही त्याची लक्षणे होत. मराठीतील 'खुपऱ्या' ह्या शब्दाचे 'खुपणे' ह्या क्रियापदाशी असलेले साहचर्य कोणाही मराठी भाषकाला जाणवते. ग्रीक शब्द पाहणाऱ्याचा आहे, संस्कृत वर्णन उपमेचा आश्रय घेते आणि मराठी शब्द ज्याच्या डोळ्यांत ते दाणे सलतात त्याच्या अनुभवातून आलेला आहे. तिन्ही भाषांनी एकाच दृश्याकडे तीन अंगांनी पाहिले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिन्हींपैकी एकही शब्द कारणाचे नाव नाही. पापणीवर दाणे येण्याची कारणे एकाहून अधिक असू शकतात.

'ईजिप्शियन नेत्रदाह' ह्या नावाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १८८३ मध्ये रॉबर्ट कॉख कॉलऱ्याच्या शोधासाठी अलेक्झांड्रियात होते. तेथे त्यांनी नेत्ररोग्यांचेही स्राव तपासले. त्यांना एकाच नावाखाली किमान दोन निरनिराळे रोग आढळले. तीव्र स्वरूपाच्या रोगात परम्याच्या जिवाणूसारखे गोलाणू होते, तर सौम्य रोगात बारीक दंडाणू होते. त्यानंतर कॉख कलकत्त्यास आले आणि १८८४ च्या आरंभी तेथेच कॉलऱ्याच्या जिवाणूची त्यांनी निश्चिती केली. खऱ्या ट्रॅकोमाचा कर्ता मात्र त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून निसटला, कारण तो पेशीच्या आत राहतो आणि पेशीबाहेरचे त्याचे रूप अत्यंत लहान असते. अशा प्रकारे 'ईजिप्शियन नेत्रदाह' ह्या एका शब्दाच्या पोटात निदान तीन वेगळे सूक्ष्मजीव दडलेले होते.

२. प्रावरणातील जीव आणि त्याची नामांतरे

१९०७ मध्ये लुडविग हाल्बरश्टेटर आणि स्टानिस्लाउस फोन प्रोव्हाझेक ह्यांना जावा बेटावर ट्रॅकोमाच्या स्रावाने बाधित केलेल्या वानरांच्या पेशींत काही कणांचे पुंज दिसले. हे पुंज जणू वस्त्राने वेढलेले होते, म्हणून 'क्लॅमिस', म्हणजे प्रावरण, ह्या ग्रीक शब्दावरून त्यांनी नाव बनवले. पुढील अर्धशतक ह्या जीवांची गणना विषाणूंत होत राहिली, कारण ते निर्जीव माध्यमावर वाढत नसत. चिनी शास्त्रज्ञ तांग फेई-फान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कोंबडीच्या अंड्यातील पिवळ्या बलकाच्या पिशवीत ट्रॅकोमाचा कर्ता वाढवून वेगळा केला. १९६६ च्या सुमारास मात्र हे विषाणू नसून जिवाणूच आहेत, असे मत स्थिरावले. त्यांना डीएनए आणि आरएनए ही दोन्ही असतात आणि ते विभाजनाने वाढतात. त्यांचे आयुष्य दोन रूपांत चालते. पेशीबाहेर टिकणारे व संसर्ग करणारे सूक्ष्म मूलपिंड हे एक रूप, आणि पेशीच्या आत वाढणारे मोठे जालकपिंड हे दुसरे.

नामांतरे येथेच थांबली नाहीत. बराच काळ ह्या गटात ट्रॅकोमॅटिस आणि पक्ष्यांपासून माणसाला होणाऱ्या ज्वराची सिटॅसी अशा दोनच जाती मानल्या जात. १९८९ मध्ये न्यूमोनी ही तिसरी जाती मान्य झाली. १९९९ मध्ये जनुकीय क्रमांच्या आधारे मूळ प्रजाती दुभंगून 'क्लॅमिडोफिला' ही नवी प्रजाती सुचवण्यात आली. तिला अनेक संशोधकांनी विरोध केला आणि २०१५ मध्ये साऱ्या जाती पुन्हा 'क्लॅमिडिया' ह्या एकाच प्रजातीत आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. तो आज सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. १९९९ ते २०१५ ह्या काळातील शोधनिबंध वाचणाऱ्याला एकाच जिवाणूची दोन नावे भेटतात. फोर्ट विल्यमच्या बाबतीत असेच घडले आहे. हे नाव आधी लाल दिघीजवळच्या जुन्या किल्ल्याचे होते. १७५७ नंतर मैदानावर बांधलेल्या नव्या किल्ल्याला ते मिळाले. तेच नाव इलाख्याला, सर्वोच्च न्यायालयाला आणि महाविद्यालयालाही लावले गेले. सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेला हा किल्ला आता सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून 'विजय दुर्ग' म्हणून ओळखला जातो. हे नामांतर २०२५ च्या आरंभी सार्वजनिक झाले. तेव्हा केवळ नावावरून वस्तूची निश्चिती होत नाही. वस्तूतच एखादी खूण शोधावी लागते.

३. खुणेचा शोध : रेण्वीय चाचणीची रीत

क्लॅमिडियाच्या बाबतीत ही खूण म्हणजे त्याच्या डीएनएतील अक्षरांचा क्रम. चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेली ही संहिता ट्रॅकोमॅटिसमध्ये सुमारे दहा लाख चाळीस हजार अक्षरांची आहे. तिचे पहिले संपूर्ण वाचन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य संहितेखेरीज सुमारे साडेसात हजार अक्षरांचे एक लहान वर्तुळाकार प्रकरण, म्हणजे प्लाझ्मिड, बहुतेक वाणांत असते आणि एकेका जिवाणूत त्याच्या अनेक प्रती असतात.

चाचणीचा पहिला टप्पा नमुना घेण्याचा. वरची पापणी उलटून तिच्या आतल्या बाजूवर कापसाचा किंवा कृत्रिम धाग्याचा बोळा फिरवला जातो. जिवाणू पेशीत राहत असल्यामुळे केवळ पाणी अथवा पू पुरत नाही. बोळ्याबरोबर पेशी येणे आवश्यक असते. दुसऱ्या टप्प्यात पेशी फोडून प्रथिने व इतर द्रव्ये दूर केली जातात आणि डीएनए शुद्ध स्वरूपात मिळवला जातो. ह्या डीएनएत रोग्याची स्वतःची प्रचंड संहिता आणि इतर अनेक जिवाणूंचे तुकडे मिसळलेले असतात. क्लॅमिडियाचा अंश त्यात नगण्य असतो.

तिसरा टप्पा वर्धनाचा. कॅरी मलिस ह्यांनी १९८३ मध्ये कल्पिलेली आणि १९९३ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरवली गेलेली पीसीआर ही पद्धत येथे उपयोगी पडते. शोधावयाच्या उताऱ्याच्या दोन टोकांशी तंतोतंत जुळणारे, सुमारे वीस अक्षरांचे दोन तुकडे तयार करतात. त्यांना प्रायमर म्हणतात. वीस अक्षरे पुरेशी का ठरतात? चार अक्षरांपासून वीस अक्षरी रचना एक लाख कोटींहून अधिक प्रकारे होऊ शकतात. त्यामुळे नीट निवडलेली वीस अक्षरे योगायोगाने अन्यत्र सापडण्याची शक्यता अल्प असते, आणि दोन्ही तुकडे योग्य अंतरावर जुळण्याची त्याहूनही अल्प. मिश्रण सुमारे ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवले की डीएनएचे दोन धागे सुटतात. ते थंड केले की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात, आणि सुमारे ७२ अंशांवर एक विकर प्रायमरपासून पुढे नवा धागा रचते. एका आवर्तनात उताऱ्याच्या प्रती दुप्पट होतात. आदर्श स्थितीत तीस आवर्तनांनंतर एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. गवताच्या गंजीतील सुई शोधण्याऐवजी सुयांचीच गंजी करावी, असा हा प्रकार आहे.

पुढे आलेल्या वास्तवकालिक पीसीआरमध्ये उताऱ्याच्या मधल्या भागाशी जुळणारा, प्रकाशमान होणारा तिसरा तुकडा वापरतात. कितव्या आवर्तनाला प्रकाश ठरावीक मर्यादा ओलांडतो, ह्यावरून मूळ नमुन्यातील जिवाणूंच्या संख्येचा अंदाज येतो. शोधाचे लक्ष्य म्हणून अनेकदा प्लाझ्मिडची किंवा रायबोसोमच्या आरएनएची निवड होते, कारण त्यांच्या प्रती जात्याच अधिक असतात.

ह्या पद्धतीची शक्ती हेच तिचे मर्मस्थान आहे. आधीच्या नमुन्याचा एखादा कण उडून नव्या नळीत पडला, तर तोही कोट्यवधी पटींनी वाढतो आणि निरोगी माणूस रोगी ठरतो. म्हणून प्रत्येक वेळी एक नळी मुद्दाम नमुन्याविना ठेवतात. तिच्यात प्रकाश दिसला, तर सर्वच निष्कर्ष संशयास्पद मानले जातात. उलट बाजूने, नमुन्यातील काही द्रव्ये विकराला अडथळा करतात. त्यासाठी प्रत्येक नळीत एक परिचित डीएनए घालतात. तोही वाढला नाही, तर 'जिवाणू नाही' असे न म्हणता 'चाचणी झाली नाही' असे म्हणावे लागते.

४. गाळलेला उतारा

एका उताऱ्यावरून संपूर्ण ग्रंथ ओळखण्यात जो धोका असतो, त्याचे प्रत्यंतर २००६ मध्ये स्वीडनमध्ये आले. हालंड परगण्यात क्लॅमिडियाच्या रुग्णांची संख्या अकारण घटलेली दिसली. शोध घेता असे आढळले, की जननमार्गाला बाधा करणाऱ्या ट्रॅकोमॅटिसचा एक नवा वाण पसरला असून त्याच्या प्लाझ्मिडमधून ३७७ अक्षरांचा एक भाग गळलेला आहे. प्रचलित चाचण्यांपैकी दोन नेमक्या त्याच भागाचा शोध घेत असत. जिवाणू होता, रोग होता, पण चाचणी वाचू पाहत असलेला उताराच ह्या प्रतीत नव्हता. परिणाम असा झाला, की ज्या परगण्यांत ह्या चाचण्या वापरात होत्या तेथे बाधितांना 'निरोगी' असे सांगितले गेले, उपचार झाले नाहीत आणि ह्या वाणाला पसरण्यास मोकळे रान मिळाले. वेगळे लक्ष्य असलेली चाचणी वापरणाऱ्या परगण्यांत त्याचे प्रमाण तुलनेने कमी राहिले. २०१९ मध्ये फिनलंडमध्ये रायबोसोमच्या आरएनएतील एका अक्षराच्या बदलामुळे आणखी एक चाचणी अशीच चकली.

ह्या घटनांनंतर दोन वेगवेगळी लक्ष्ये एकाच वेळी शोधणाऱ्या चाचण्यांचा वापर वाढला. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ह्यातील बोध नवा नाही. एखादा श्लोक नाही म्हणून ती प्रत त्या ग्रंथाची नव्हेच, असे कोणी म्हणत नाही. परंतु स्वीडनच्या प्रकरणात एक अधिक गोष्ट आहे. येथे वाचनाच्या पद्धतीने प्रतींचे भवितव्यच बदलले. वाचकाला जी प्रत दिसत नव्हती, तीच अधिक पसरली.

५. ओळख म्हणजे वंशनिश्चिती

क्लॅमिडिया आहे एवढे कळल्यावर तो कोणता, हा प्रश्न उरतो. ट्रॅकोमॅटिसचे ए ते सी हे वाण परंपरेने डोळ्यांच्या ट्रॅकोमाशी, डी ते के हे जननमार्गाच्या रोगाशी आणि एल गटातील वाण लसीका ग्रंथींच्या रोगाशी जोडले जातात. ही विभागणी जिवाणूच्या बाह्य आवरणातील मुख्य प्रथिनावरून झाली. ते प्रथिन घडवणाऱ्या 'ओएमपीए' जनुकाचा क्रम वाचून आता वाण ठरवता येतो. जाती ठरवण्यासाठी रायबोसोमच्या १६-एस आरएनएचा सुमारे दीड हजार अक्षरांचा क्रम वाचतात. कार्ल वोज ह्यांनी १९७७ पासून ह्या क्रमाच्या आधारे साऱ्या जीवसृष्टीची वंशावळ मांडली. त्यातील काही भाग सर्व जिवाणूंत जवळजवळ सारखे असतात, तर काही जातीजातींत बदलतात. सारखे भाग जुळणी करण्यास आणि बदलते भाग भेद ओळखण्यास उपयोगी पडतात.

ह्या रीतीचे मूळ तत्त्व कलकत्त्याला अपरिचित नव्हते. फोर्ट विल्यम येथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषांचे साम्य योगायोगाने आलेले नसून समान उगमातून आले असावे, असे प्रतिपादन केले. पुढे तौलनिक भाषाशास्त्राने आणि पाठचिकित्सेने हे तत्त्व काटेकोर केले. दोन प्रतींनी मूळ पाठ सारखाच जपला, तर त्यावरून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. दोघींत एकच नवी चूक आली असेल, तर मात्र त्या एका पूर्वजाच्या ठरतात. जिवाणूंचा वंशवृक्षही असाच समान नवबदलांवर उभा असतो. ट्रॅकोमॅटिसमध्ये ट्रिप्टोफॅन तयार करणारी जनुके जननमार्गातील वाणांत शाबूत असतात आणि डोळ्यांतील वाणांत मोडलेली असतात. ही मोड म्हणजे निवासस्थानाची खूणच होय.

तथापि, वृक्षाच्या कल्पनेलाही मर्यादा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुकथनकर ह्यांना जाणवले, की लेखकूंनी एकाहून अधिक प्रती समोर ठेवून पाठ मिसळले आहेत आणि त्यामुळे शुद्ध वंशवृक्ष काढणे अशक्य आहे. क्लॅमिडियाच्या बाबतीत २०१२ मध्ये संपूर्ण संहितांच्या तौलनिक अभ्यासातून हीच गोष्ट उघड झाली. निरनिराळे वाण एकाच पेशीत एकत्र आल्यास डीएनएचे भाग परस्परांत बदलतात. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजातील जुन्या नेत्रनमुन्यांच्या वाचनातून दिसले, की तेथील डोळ्यांतील वाणांचा सांगाडा जननमार्गातील वाणांच्या कुळातला आहे. ओएमपीए आणि अन्य काही भाग मात्र त्यांनी नेत्रवाणांचे घेतले आहेत. केवळ ओएमपीए वाचणाऱ्याला ही प्रत शुद्ध नेत्रवाणाची वाटली असती. मुखपृष्ठ एका ग्रंथाचे आणि आतील पाने दुसऱ्याची, अशी ही अवस्था. म्हणून आज सात जनुकांचे एकत्रित वाचन, आणि शक्य तेथे संपूर्ण संहितेचे वाचन, अधिक विश्वसनीय मानतात.

६. लक्षण आणि संसर्ग ह्यांतील अंतर

भारतात ट्रॅकोमाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून ट्रॅकोमाचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. ह्या निर्णयाचा एक प्रमुख निकष रेण्वीय नसून दृश्य लक्षणाचा आहे. एक ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये वरच्या पापणीच्या आत ठरावीक आकाराचे पाच किंवा अधिक दाणे असलेल्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असावे लागते. ज्यांना मराठीने खुपऱ्या म्हटले, तेच हे दाणे. परंतु संसर्ग संपल्यावरही दाणे काही काळ राहतात, आणि संसर्ग असूनही दाणे अद्याप उमटलेले नसतात. औषधाच्या सामुदायिक वाटपानंतर तर दाण्यांचे प्रमाण आणि पीसीआरने आढळणारा संसर्ग ह्यांत मोठी तफावत पडते. म्हणजे आधुनिक आरोग्यशासन आजही सुश्रुताच्या आणि मराठी आजीच्या दृष्टीनेच मोजणी करते. तिला रेण्वीय चाचणीची जोड कोठे द्यावी, हा अभ्यासाचा विषय आहे. लक्षणावर आधारलेली मोजणी स्वस्त आणि सर्वत्र शक्य असते. तिने दिलेले उत्तर मात्र 'दाणे आहेत काय' ह्या प्रश्नाचे असते, 'क्लॅमिडिया आहे काय' ह्या प्रश्नाचे नव्हे.

७. नमुना नसताना

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बेअर्ड ह्यांच्या फौजेतील शिपायांच्या डोळ्यांतून घेतलेला एकही बोळा अस्तित्वात नाही. उपलब्ध आहे ते मॅकग्रिगर ह्यांचे गद्य आणि त्या काळचे इतर वृत्तान्त. हे वैद्य दाह, स्राव, सूज आणि अंधत्व ह्यांचे वर्णन करीत होते. रोगाचे कारण ऊन, वाळू आणि रात्रीचे दव की संसर्ग, ह्यावर त्यांच्या पिढीत वाद चालू होता. कॉख ह्यांच्या १८८३ मधील निरीक्षणांवरून ईजिप्तमध्ये ह्या एका नावाखाली अनेक रोग नांदत होते हे ठाऊक आहे. तेव्हा फौजेतील काही शिपायांना ट्रॅकोमा झाला असणे अत्यंत संभवनीय आहे. परंतु संपूर्ण 'ईजिप्शियन नेत्रदाह' म्हणजे क्लॅमिडिया असे म्हणणे प्रमाणाला धरून नाही. हीच मर्यादा 'पोथकी'लाही लागू पडते. पोथकीचा अनुवाद 'ट्रॅकोमा' असा करणारा भाषांतरकार एका लक्षणनामाच्या जागी कारणनाम ठेवतो आणि मूळ संहितेने न केलेले विधान तिच्या तोंडी घालतो.

साहित्यातील आणि इतिहासातील रोगांची आधुनिक निदाने करण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. अशा निदानांतून कधी उपयुक्त प्रश्न निर्माण होतात हे खरे. परंतु रेण्वीय विज्ञान स्वतः किती सावधपणे बोलते, हे पाहिल्यावर अभ्यासकानेही तितकीच सावधगिरी बाळगणे उचित ठरते. प्रयोगशाळा नमुन्याविना ठेवलेल्या नळीत प्रकाश दिसताच आपला निष्कर्ष मागे घेते. ग्रंथाच्या अभ्यासात ती रिकामी नळी म्हणजे मूळ लेखकाने काय पाहिले आणि काय पाहणे त्याला शक्यच नव्हते, ह्याची नोंद. केरी आणि वैजनाथ ह्यांनी मराठी शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द जोडण्याचे काम कलकत्त्यात हाती घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे भाषिक समतुल्यतेचा प्रश्न होता. रोगनामांच्या बाबतीत त्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 'खुपऱ्या' आणि 'ट्रॅकोमा' हे शब्द कोशात समानार्थी म्हणून शेजारी बसू शकतात. 'क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस' हे तिसरे नाव मात्र तेथे कोशकाराच्या लेखणीने येत नाही. ते नमुन्यावाटेच यावे लागते.